पेंटियम फोरवर नेटबीएसडी बूट करायचंय, पेनड्राइव्ह बायोसला दिसतच नाही

आडत_गल्ली
नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डात आमचा हळदीचा गाळा आहे. तिथं एक जुना डेस्कटॉप पडलाय, पेंटियम फोर, इंटेलचा ८४५ चिपसेट, ५१२ एमबी रॅम, १६० जीबीची आयडीई हार्डडिस्क. २०१९च्या पुरात हा माळ्यावर पडून होता म्हणून वाचला आणि टेबलावरचा नवाकोरा पाण्यात गेला. तेव्हापासून पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाचं, काम परत याच्यावरच चाललंय, एक्सपी आहे आणि त्यात एक डॉसचा जुना प्रोग्रॅम. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, मागच्या त्या लांबड्या पॅरलल पोर्टवर.
एक्सपी नेटला जोडायची भीती वाटते. म्हणून त्याच्याच शेजारी नेटबीएसडी, लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायचा विचार आहे. ३२ बिटची इन्स्टॉल इमेज पेनड्राइव्हवर लिहिली, तीच पेनड्राइव्ह घरच्या लॅपटॉपवर झक्कास बूट होते. इथं मात्र मशीन सरळ एक्सपीत जातं, पेनड्राइव्हकडं बघत पण नाही. कुणी केलंय का असं जुन्या मशीनवर?

भडंग_चटणी
भंगारवाल्याला फोन लाव. किलोवर घेतो, काटा पण त्याचाच.

टर्मिनल_तात्या
भडंग, तुझ्या गल्लीतला भंगारवाला माझ्याकडनं रॅम घेऊन जातो, तेव्हा गप.
आडत, आधी एवढं सांग. बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी उठणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, कुठल्या कंपनीचा, अवॉर्ड का एएमआय? बूटच्या यादीत काय काय दिसतं? त्या काळच्या अवॉर्डमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-सीडीरॉम, यूएसबी-एचडीडी अशी नावं असायची आणि पेनड्राइव्हला बहुतेक वेळा यूएसबी-एचडीडी लागतं. काही बोर्डांवर अजून एक गंमत आहे, पेनड्राइव्ह बूटच्या यादीत येतच नाही, ती हार्डडिस्क म्हणून धरतात, मग हार्डडिस्क बूट प्रायॉरिटी नावाच्या वेगळ्या पानात जाऊन तिला वर सरकवावं लागतं. आणि हे सगळं पेनड्राइव्ह आधीपासून लावून ठेवून मशीन चालू केलं तरच दिसतं, नंतर खुपसून नाही.
कीबोर्ड पीएस टू वापर, जांभळ्या पोर्टचा. यूएसबी कीबोर्ड बूट मेनूत दगा देतो, बायोसमध्ये लेगसी सपोर्ट चालू नसला की बटण दाबत बसायचं नुसतं.

आडत_गल्ली
तात्या, अवॉर्ड आहे. यादीत फ्लॉपी, एलएस१२०, एचडीडी-०, एससीएसआय, सीडीरॉम, झिप१००, लॅन एवढंच. यूएसबी नावाचं काहीच नाही. प्रायॉरिटीचं पान पण नाही ओ.

टर्मिनल_तात्या
मग विषय संपला, त्या बायोसला पेनड्राइव्हवरनं बूट करता येतच नाही. सीडी जाळ.

मिरज_जंक्शन
सीडी नसेल तर प्लॉप बूट मॅनेजर म्हणून एक आहे, तो फ्लॉपीवरनं किंवा सीडीवरनं चालू होतो आणि स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्ह बूट करतो, बायोसला विचारत पण नाही. पण सीडी जाळायचीच असेल तर प्लॉपची कशाला, नेटबीएसडीचीच जाळ. पूर्ण सीडी पण नको, त्यांच्याकडं फक्त बूट करायची छोटी इमेज असते, इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये. तिच्यावर फक्त इन्स्टॉलर, बाकीचे सिस्टिमच्या फायलींचे संच तो नेटवरनं ओढतो. लॅनची वायर लावली की झालं. जुन्या सीडी ड्राइव्हची लेन्स गेलेली असते, शेवटच्या ट्रॅकपर्यंत वाचताना घरघर करतात, त्यामुळं कमी डेटा असलेली सीडी बरी. आणि ८च्या स्पीडला जाळ, ५२ला नको.

शाहूपुरी_सातारा
मधे तोंड घालतो, राग मानू नका. एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा सरळ लिनक्स का नाही? डेबियन टाकायचं, हलकं डेस्कटॉप घ्यायचं, अर्ध्या दुपारचं काम. बीएसडीला मदत करणारा सांगली-साताऱ्यात शोधून सापडेल का.

कुपवाड_कोडर
शाहूपुरीकर, २०२५ ला आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर नाही. १२ हे शेवटचं ज्यात आय३८६चा, म्हणजे ३२ बिट इंटेलचा, इन्स्टॉलर होता. जुन्यावर आज टाकाल, पुढं काय? लिनक्सवाले एकेक करून ३२ बिट सोडतायत, त्यात त्यांची चूक पण नाही म्हणा, सांभाळणारी माणसंच नाहीत.
आणि मदत करणारा सांगलीत कशाला पाहिजे, हा धागा कशाला आहे मग.

शाहूपुरी_सातारा
बरं मान्य. पण नेटबीएसडीचंच भावंड फ्रीबीएसडी का नाही मग? त्याची हँडबुक तरी वाचण्यासारखी आहे.

कुपवाड_कोडर
फ्रीबीएसडी १५ पासून ३२ बिट इंटेलचं बंद. १४ आहे अजून, ते २०२८ पर्यंत सांभाळतील, पण संपणाऱ्या रस्त्यावर नवीन गाळा कशाला टाकायचा. राहिले दोन, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी. ओपनबीएसडी पण आय३८६वर चालतं, माझ्याकडं एक जुना राउटर आहे त्याच्यावर, पण ते दर बूटला कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नव्यानं लिंक करतं, सुरक्षेसाठी, प्रत्येक वेळी आतली मांडणी वेगळी. नव्या मशीनवर कळत पण नाही, पेंटियम फोरवर आयडीई डिस्क बराच वेळ कुरकुरत बसते.

टर्मिनल_तात्या
अजून एक मुद्दा कुणी काढला नाही, २०३८चा. ३२ बिटमध्ये सेकंद मोजायची जागा १९ जानेवारी २०३८ ला संपते. नेटबीएसडीनं ६.० ला, म्हणजे २०१२ मध्येच, वेळेचा आकडा ६४ बिट केला, ओपनबीएसडीनं २०१४ ला ५.५ मध्ये. फ्रीबीएसडीचं आय३८६ तसंच ३२ बिटवर राहिलं.

भडंग_चटणी
२०३८ पर्यंत हा पेंटियम चालवणार? तात्या, आपण असू का बघायला?

टर्मिनल_तात्या
मी नसेन, मशीन असेल.

विश्रामबाग_ताई
विजेचं कुणीच बोललं नाही म्हणून. पेंटियम फोर, वर जुना सीआरटी मॉनिटर असेल तर दोन्ही मिळून दीडशे वॅटच्या आसपास सहज खातो. दहा तास चालू ठेवला की दीड युनिट. महिन्याचं काढा. वापरलेला छोटा ऑफिस पीसी मिळतो आता, त्यावर यातलं काहीही टाका, बूट पण पेनड्राइव्हवरनं होईल आणि बिल पण कमी. जुनं जपायची हौस वेगळी आणि दुकान चालवणं वेगळं.

आडत_गल्ली
ताई, बरोबर आहे तुमचं. मॉनिटर एलसीडी लावलाय. पण त्या छोट्या पीसीला पॅरलल पोर्ट नसतो, यूएसबीचं कन्व्हर्टर लावून बघितलं होतं शेजारच्या गाळ्यात, डॉसचा प्रोग्रॅम त्याला ओळखतच नाही. आणि सौदे असतात तेव्हाच मशीन चालू, बाकी बंदच.

विश्रामबाग_ताई
मग ठीक. पॅरलल पोर्टसाठी जुनं मशीन ठेवणं पटतं मला.

हरिपूर_संगम
आडत, माळ्यावर होतं म्हणालात म्हणून विचारतो, उघडून बघितलंय का आत? आमच्याकडं पुरानंतर जे पीसी वाचले त्यांच्यात पाणी नव्हतं पण दमट हवेनं रॅमचे पाय काळे पडले होते. खोडरबरनं घासले की चालू. दुसरं म्हणजे प्रोसेसरच्या भोवतीचे कपॅसिटर बघा. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर खराब कपॅसिटर आले होते, जगभर झालं होतं ते. डोकं सपाट पाहिजे, फुगलेलं किंवा तपकिरी चिकट आलेलं असेल तर बूटला अडकणं, मधेच रीस्टार्ट होणं, हे सगळं त्यानं होतं आणि माणूस उगाच ऑपरेटिंग सिस्टिमला शिव्या देतो.
बायोसची बॅटरी पण बदला, सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळते.

मिरज_जंक्शन
बॅटरीला दहा वेळा प्लस. ती मेली की तारीख मागं २००२ ला जाते, मग नेटवरनं पॅकेज घ्यायला गेलं की सर्टिफिकेट चालत नाही म्हणून नकार येतो आणि आपण राउटर बंद-चालू करत बसतो. आमच्या एका मित्राची दुपार गेली त्यात.

हरिपूर_संगम
पुराचं निघालंच आहे तर, २०२१ ला आमच्या पेठेत लोकांनी पहिल्यांदा टीव्ही हलवले नाहीत, यूपीएस हलवले. आयर्विन पुलाखालची पातळी ४५ फुटांकडं चालली म्हटलं की आता माळ्यावर काय चढवायचं याची यादी तयार असते प्रत्येकाकडं.

भडंग_चटणी
आमच्या यादीत पहिला नंबर भडंगाच्या डब्याचा.

कंदी_पेढा
सातारला या, इथं पूर नाही आणि पेढे पण आहेत.

टर्मिनल_तात्या
झालं सुरू. आडत, सीडीचं काय झालं?

आडत_गल्ली
सीडी चालली! कपॅसिटर बघितले, सपाट आहेत. बॅटरी बदलली. छोटी बूट सीडी जाळली, मेनू आला, इन्स्टॉल निवडलं, पांढऱ्या-हिरव्या ओळी सरसर गेल्या आणि एसीपीआयच्या ओळीनंतर दोनतीन ओळी येऊन सगळं थांबलं. कॅप्स लॉकचा दिवा पण लागत नाही दाबल्यावर. पंखा तेवढा फिरतोय.

कुपवाड_कोडर
अपेक्षितच. एसीपीआय म्हणजे हार्डवेअर आणि पॉवरची माहिती सिस्टिमला देणारी बायोसची सोय. २००२च्या सुमाराच्या बोर्डांचे तिचे तक्ते अर्धेकच्चे असतात, विंडोजपुरते बनवून सोडून दिलेले. सीडीच्या मेनूतच बघा, दुसरा पर्याय असतो, एसीपीआय शिवाय इन्स्टॉल, आणि तिसरा एसीपीआय आणि एसएमपी (अनेक प्रोसेसर वापरणं) दोन्ही शिवाय. दुसरा घ्या. मेनूतनं बूट प्रॉम्प्टवर गेलात तर बूट लिहून स्पेस देऊन मायनस २, तेच ते. मायनस १ म्हणजे एकच प्रोसेसर.
फक्त एवढंच होईल की शटडाउन केल्यावर मशीन आपोआप बंद होणार नाही कदाचित, बटण दाबावं लागेल.

नेटबुक_नाद
मी पण याच लायनीत आहे. माझ्याकडं ॲटम एन२७० चं छोटं नेटबुक, बहिणीचं कॉलेजचं. एन२७० फक्त ३२ बिट आहे, एन४५० पासून पुढं ६४ बिट, हे दुकानात कुणी सांगत नाही, नेटबुक म्हणजे नेटबुक. माझं पेनड्राइव्हवरनं सुरू झालं आणि मधेच थांबून रूट डिव्हाइस, म्हणजे सिस्टिम ज्यावर आहे ती डिस्क, कुठलं असं विचारायला लागलं. घाबरून बंद नका करू अशा वेळी. वर सरकलेल्या ओळींत पेनड्राइव्ह कुठल्या नावानं सापडली ते बघायचं, माझी एसडी० होती, मग एसडी०ए टाइप केलं, एंटर, गेलं पुढं. जुन्या मशीनवर यूएसबी जागं व्हायला वेळ लागतो, कर्नल तोवर शोधून दमलेलं असतं.

भडंग_चटणी
हे नेटबीएसडी म्हणे टोस्टरवर पण चालतं? खरं का?

टर्मिनल_तात्या
खरं. २००५ ला एका कंपनीनं टोस्टरमध्ये आपला बोर्ड बसवून त्यावर नेटबीएसडी चालवून दाखवलं होतं. त्यांचं ब्रीदच आहे, अर्थातच यावर नेटबीएसडी चालतं.
आता विचारलंच आहेस तर ऐक. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधनं ३८६बीएसडी आलं, त्याच्या पॅचेसवरनं, म्हणजे दुरुस्त्यांवरनं, १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी असे दोन्ही निघाले. नेमकं त्याच वेळी एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीचा खटला चालू होता बर्कलेवर, तो १९९४ ला मिटला. तोवर लोकांनी लिनक्स उचललं होतं. कोड वाईट म्हणून बीएसडी मागं नाही पडलं, कोर्टाच्या तारखांनी पडलं. आपल्याकडं बांधाच्या खटल्यात शेत पडीक राहतं तसं. ओपनबीएसडी १९९५ ला नेटबीएसडीतनंच फुटलं, ते भांडण वेगळं, त्याला वेगळा धागा लागेल.

शाहूपुरी_सातारा
काढा धागा तात्या, वाचू.

आडत_गल्ली
एसीपीआय शिवाय एकदम पुढं गेलं, थँक्यू कोडर. लॅन कार्ड आठ एक तीन नऊवालं रिअलटेक आहे, लगेच ओळखलं, संच नेटवरनं उतरले. इन्स्टॉल पूर्ण झालं. रीबूट केलं, निवडायचा मेनू आला, एक्सपी निवडलं तर एक्सपी येतं, नेटबीएसडी निवडलं तर डिस्क वाचता येत नाही असा मेसेज येऊन थांबतं. डिस्क खराब म्हणावी तर एक्सपी नीट चालतंय. पार्टिशन सांगतो, सी ४० जीबी, डी ९० जीबी, शेवटी उरलेल्या १९ मध्ये नेटबीएसडी.

वालुकाश्म
ग्रब बूट लोडर टाका, प्रश्न मिटेल.

टर्मिनल_तात्या
नाही मिटणार. आडत, तुम्ही आकडे दिलेत म्हणून कळलं. ४० आणि ९० म्हणजे १३०. जुन्या बायोसला डिस्कवरचा पत्ता लिहायला २८ बिटच आहेत, त्यात १३७ जीबीपर्यंतच पोचता येतं, आणि विंडोज ज्या पद्धतीनं मोजतं त्या हिशोबात ते १२८ होतात. म्हणजे तुमचं नेटबीएसडी सुरूच होतं बायोसच्या हद्दीच्या पलीकडं. इन्स्टॉलर चालला कारण तेव्हा कर्नल स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्क वाचत होता, त्याला ४८ बिटचा पत्ता कळतो. एक्सपीला पण सर्व्हिस पॅक १ नंतर कळतो. पण बूटच्या वेळी कर्नल अजून उठलेलाच नाही, तेव्हा वाचणारा बायोसच, आणि तो १३७च्या पुढं आंधळा.
वालुकाश्म, ग्रब पण बायोसलाच विचारतो, म्हणून ग्रबनं काही बदलत नाही.
उपाय सोपा. डी मधला डेटा बाहेर काढा, डी उडवा, त्या जागी सुरुवातीला नेटबीएसडी घ्या, ४० जीबीपासून सुरू होईल, हद्दीच्या आत. शेवटच्या १९ जीबीत डेटा ठेवा, कर्नल उठल्यावर तिथं पोचायला काही अडचण नाही.

वालुकाश्म
हो, ते बरोबर. मला वाटलं होतं ग्रबकडं स्वतःचा ड्रायव्हर असतो.

कुपवाड_कोडर
ग्रब दोनला डिस्क स्वतः वाचायचं एटीएचं मॉड्यूल आहे तसं, पण ते मॉड्यूल डिस्कवरनं आधी वाचायला लागतं, तिथंच घोडं अडतं, ते पण पलीकडंच ठेवलं तर. तात्यांचा उपाय बरा.

विश्रामबाग_ताई
डी उडवायच्या आधी पट्टीच्या प्रोग्रॅमचा डेटा दोन ठिकाणी घ्या. एक पेनड्राइव्ह आणि एक घरी. हे मी प्रत्येक धाग्यात लिहिते आणि तरी.

आडत_गल्ली
घेतला ताई, दोन ठिकाणी. डी उडवला, पुढं नेटबीएसडी बसवलं आणि बूट झालं. लॉगिन आलं, नेट चालू आहे. ग्राफिक्सच्या भानगडीत नाही पडलो अजून.
आता प्रिंटर. एलपीटी० म्हणून दिसतोय बूटच्या ओळींत. एक साधी टेक्स्ट फाइल कॅट कमांडनं थेट त्या डिव्हाइसवर ढकलली, कर्रकर्र करत इंग्रजी नीट आलं. मराठी ढकललं तर चिन्हांचा कचरा.

नेटबुक_नाद
तो प्रिंटर युनिकोड कशाला ओळखतोय. त्याच्या पोटात इंग्रजीचेच फॉन्ट. मराठी पाहिजे तर आधी पानाचं चित्र करावं लागतं, घोस्टस्क्रिप्ट म्हणून पीडीएफ प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम आहे, त्यात एपसनच्या डॉट मॅट्रिक्सचे ड्रायव्हर आहेत, ९ पिनचे वेगळे. पीडीएफ करा मराठी फॉन्टमध्ये, घोस्टस्क्रिप्टनं एपसनमध्ये बदला, मग ढकला एलपीटीवर. हळू छापेल, चित्र आहे ना, पण शेतकऱ्याचं नाव मराठीत येईल.

हरिपूर_संगम
आणि पट्टीचा कागद किती इंची आहे? १२ इंची असेल तर ७२ ओळी, ११ला ६६. प्रिंटर ६६ धरून बसला की दर पट्टीला सहा ओळी वर सरकतं, दहाव्या पट्टीला शेतकऱ्याचं नाव फाडायच्या रेषेवर. एस्केप, मोठा सी आणि पुढं ७२ हा बाइट, एवढं सुरुवातीला पाठवलं की पानाची लांबी बसते.

आडत_गल्ली
१२ इंचीच आहे. बरोबर तेच होत होतं, मी कागद हातानं सरकवत होतो. एस्केप सी पाठवलं, आता पाच पट्ट्या काढल्या, पाचही फाडायच्या रेषेला धरून. मराठीचं रविवारी बघतो, सोमवारी सौदे आहेत.

कंदी_पेढा
वरचं सगळं वाचलं नाही, पण यावर टॅली चालेल का?

कुपवाड_कोडर
नाही ओ. टॅली एक्सपीतच ठेवा.